वादपत्र दुरुस्त करावे की दावा काढून घेऊन नवा लावावा?

दावा चालू असताना वादपत्रातली, म्हणजे दावा मांडणाऱ्या मूळ अर्जातली, उणीव लक्षात आली, तर वादीपुढे दोन वाटा असतात. एक, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 17 खाली दुरुस्ती अर्ज. दुसरी, आदेश 23 नियम 1 खाली नव्या दाव्याची परवानगी घेऊन जुना काढून घेणे. माझा कल बहुतेक वेळा पहिलीकडे, आणि मुख्य कारण: मुदत, म्हणजे दावा लावायला कायद्याने दिलेला काळ.

मंजूर झालेली दुरुस्ती साधारणपणे दावा दाखल झाल्याच्या तारखेपासून धरतात. नव्या दाव्याला मुदत मोजताना मात्र जुना दावा लावलाच नव्हता असे समजले जाते. जुन्यातला अंतरिम मनाई हुकूमही त्याच्याबरोबर जातो आणि कोर्ट फी पुन्हा भरावी लागते.

अर्थात दुरुस्तीचा हा फायदा सरसकट मिळत नाही. संपत कुमार विरुद्ध अय्याकन्नू (2002) या प्रकरणात दावा 1988 चा, फक्त मनाईचा. दावा चालू असतानाच ताबा गेला, असे म्हणत वादीने 1999 मध्ये मालकी आणि ताब्याची मागणी घालायचा अर्ज दिला. सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती दिली, पण ती मागणी दुरुस्ती अर्जाच्या तारखेला केली असे धरायला सांगितले.

त्या अर्जाला उशीर नडला नाही, कारण पुरावा सुरू व्हायचा होता. 2002 पासून नियम 17 ला परंतुक, म्हणजे जोडलेली अट, आहे: सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी, तर योग्य ती काळजी घेऊनही हे आधी मांडता आले नसते, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. सरतपासणीचे (साक्षीदाराच्या स्वतःच्या बाजूच्या जबानीचे) शपथपत्र दाखल झाले की सुनावणी सुरू झाली असे मानतात. 'टायपिंगमध्ये राहून गेले' हे तिथे फारसे चालत नाही. मंजुरीनंतरही कोर्टाच्या हुकमात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर 14 दिवसांत, दुरुस्ती प्रत्यक्ष करावी लागते. हे विसरणारे कमी नाहीत.

दुसरी वाट, दावा काढून घेण्याची, खरी कामाची ठरते ती तांत्रिक दोषामुळे दावा पडणार असेल तेव्हा. उदाहरणार्थ, सरकारविरुद्ध दावा लावला, पण संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीसच दिली नाही आणि कोर्टाची सूटही घेतली नाही. वादपत्रात कितीही ओळी घातल्या तरी ती नोटीस मागच्या तारखेने देता येत नाही. अशा वेळी मुदत शिल्लक आहे का ते पाहून दावा काढून घ्यावा. मात्र नुसती पुरशिस (कोर्टाला दिलेले लेखी निवेदन) देऊन नव्हे: परवानगी न मागता दावा काढला, तर त्याच विषयावर पुन्हा दावा लावता येत नाही.