पाठीवरचा ब्लोअर: वणव्यासाठी घेणार असाल तर

८ एप्रिल २०२१ ला नागझिऱ्याच्या वणव्यात तीन हंगामी मजूर गेले, दोघं जबर भाजले. त्यांच्या आठवणीत काहीतरी उपयोगाचं द्यावं म्हणून आम्ही वनखात्यातल्या काही रिटायर मंडळींनी वर्गणी काढली आणि जंगलाला लागून असलेल्या एका गावासाठी पेट्रोलचा ब्लोअर घेतला. बरेचसे पैसे मेलबर्नच्या भाच्यानं पाठवले. तिकडे ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात १७३ माणसं गेली होती, त्यामुळे त्याला फार समजवावं लागलं नाही.

दुकान कॉटन मार्केटकडचं. मालक म्हणाला, "काका, या हवेनं आग फुंकून विझवाल." नाही हो! विझवायचं काम याचं नाहीच. आगीच्या पुढचा वाळला पाला जळालेल्या बाजूला उडवून मोकळा पट्टा करायचा, म्हणजे खायला न मिळाल्यानं आग तिथं थांबते. थेट जाळावर नळी धरली तर ठिणग्या उडतात आणि मागं दुसरी आग पेटते. गिऱ्हाइकाला खोटं सांगून विकण्याची ही जागा नव्हे.

मशीन मात्र दमदार आहे. सागाचा मार्चमधला कुरकुरीत पाला सपासप उडतो. हातानं जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, झाडायला माणसं लागायची, तिथं एकटा पोट्ट्या पुरतो. मोहाखाली फुलं वेचायला पाला पेटवतात, त्यापेक्षा यानं झाडून घ्या, असंही गावात सांगून पाहिलं. हसले, पण एकीनं नळी हातात घेऊन पाहिली. उंच गवतात आणि बांबूत मात्र याचा फारसा उपयोग नाही. उन्हात मशीन गरम झाल्यावर सुरू करायला दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मापानंच घाला आणि कॅन आगीपासून लांब ठेवा.

सगळ्यात मोठी उणीव आवाजाची. पाठीवर चालू असताना बाजूच्याची हाक ऐकू येत नाही, शिट्टीही नाही. वणव्यात वारा फिरला की पळायला मिनिटंच मिळतात. म्हणून ज्याच्या पाठीवर मशीन, त्याच्यासोबत दुसरा माणूस हवाच; त्यानं फक्त वारा बघायचा आणि खांद्यावर थाप मारायची. हे कंपनीच्या माहितीपुस्तिकेत कुठंच नाही. गावातल्या पोरांकडून मी हे आधी घोटून घेतलं, मशीन नंतर सुरू केलं.

किंमत पस्तीस हजारांच्या आसपास पडली. पाच पैकी साडेतीन तारे.

आणि मशीनसोबत कंपनीच्या नावाचा चकचकीत पॉलिएस्टरचा टी-शर्ट फुकट मिळतो. तो घेऊ नका. जाळाजवळ तो वितळून अंगाला चिकटतो. आम्ही तो काउंटरवरच ठेवला आणि बाजूच्या दुकानातून जाड सुती शर्ट घेतले, दोन.