लोकल, लाइन की स्वतःची गाडी? ट्रकवर नव्याने चढणाऱ्यासाठी

ट्रकवर जायचं म्हटलं की घरचे आधी पगार विचारतात. माझ्या मते त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गाडी उभी राहिली, तर त्या दिवसाचे पैसे कुणाच्या खिशातून जातात? मालकाच्या की तुमच्या? मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग बघतो. सोडून गेलेल्या पोरांपैकी बहुतेक जण कमी पगारामुळे नाही, तर या एका प्रश्नाचं उत्तर आधी न विचारल्यामुळे गेलेले मी पाहिलेत.

महाराष्ट्रात नवख्यापुढे साधारण तीन वाटा असतात. एमआयडीसी, मार्केट आणि गोडाऊनची लोकल गाडी. लांबच्या लाइनवरची नोकरी. किंवा कर्ज काढून स्वतःचा ट्रक.

लायसन्सचं आधी उरकून घेऊ. ट्रान्सपोर्टचं लायसन्स वयाची 20 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि त्याचं शिकाऊ लायसन्स काढायला हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. शिक्षणाची अट 2019 मध्ये निघाली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट पक्की केली: मालासह एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, 407 यांच्यावर आज सुरुवात करता येते आणि जड गाडीचं लायसन्स तोवर मागून येतं. गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोकळा ट्रक मैदानात फिरवून लायसन्स निघतं, गाडी येत नाही. जमलं तर पुण्यात भोसरीच्या सीआयआरटी या रस्ते वाहतूक संस्थेसारख्या ठिकाणी जड वाहनांचं रीतसर प्रशिक्षण घ्या.

लोकल कामाला लोक उगाच हलकं समजतात. चाकणहून पार्ट घेऊन रांजणगाव, भिवंडीच्या गोडाऊनमधून मुंबईतली दुकानं, पहाटेचं वाशी मार्केट: अंतर कमी, कटकट जास्त. मुंबईत जड गाड्यांना ठरावीक वेळी बंदी असते, त्यामुळे गाडी शहराबाहेर थांबवून वेळ काढावा लागतो. भत्ता जवळपास नाहीच. पण पगार महिन्याचा असतो. गेटवर चार तास लागले तरी तुमचे पैसे कापले जात नाहीत. शिवाय लोकलवर जे शिकायला मिळतं ते लाइनवर वर्ष घालवूनही येत नाही, ते म्हणजे रिव्हर्स. दोन उभ्या गाड्यांच्या मधून, हमाल ओरडत असताना, फक्त आरशावर नजर ठेवून मागचा फाळका फलाटाला लावणं. ते हातात बसलं की गाडीची लांबी-रुंदी अंगात भिनते. न्हावा शेवाच्या कंटेनर ट्रेलरलाही लोक लोकलच म्हणतात, पण ती नवख्याची जागा नाही. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं चालतं, आणि पोर्टच्या रांगेत तुमच्या मागे शंभर गाड्या हॉर्न वाजवत असतात.

लाइनची गोष्ट वेगळी, आणि इथेच नीट बघावं लागतं. पैसे देण्याच्या तीन पद्धती चालतात. एक, महिन्याचा पगार आणि रोजची खुराकी, म्हणजे जेवणखर्च. दुसरी, किलोमीटरवर. तिसरी, ट्रिपला उक्ते पैसे: डिझेल, टोल, जेवण, वाटेतला किरकोळ खर्च सगळं त्यात, उरेल ते तुमचं. ऐकायला तिसरी सर्वांत गोड, कारण हातात एकदम मोठी रक्कम येते. पण हिशोब करून बघा. भरलेली दहा चाकी गाडी लिटरला चारेक किलोमीटर देते. पुणे ते बंगळुरू साधारण 840 किलोमीटर, म्हणजे 210 लिटर. डिझेल 90 रुपये धरलं तर 18,900 रुपये फक्त जाण्याचे. त्यात दहा लिटर वाचवले की नऊशे रुपये ड्रायव्हरचे. ते दहा लिटर कुठे वाचतात? उतारावर, गाडी न्यूट्रल करून.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना सांगायला नको. भरलेली गाडी तिथे न्यूट्रलवर सोडली की इंजिनची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि खाली पोचेपर्यंत पायाखाली ब्रेक उरत नाही. खंबाटकी, कसारा, बोरघाट, सगळीकडे हेच. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे प्रत्येक जुना ड्रायव्हर सांगतो. पण उक्त्या पैशांवर चालणाऱ्याला तोच धडा रोज मोडायचा मोह होतो. म्हणून पहिली दोन वर्षं तरी उक्ती ट्रिप घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. ज्या पद्धतीत तुमची कमाई ब्रेकशी भांडते, ती नवख्यासाठी नाही.

किलोमीटरवाला पगार ठीक, पण त्यात उभ्या गाडीचं काय ते विचारा. शनिवारी संध्याकाळी माल घेऊन कंपनीच्या गेटवर पोचलात, सोमवारी खाली होणार. रविवारी गाडीखालच्या सावलीत स्टोव्ह पेटतो, भात शिजतो, किलोमीटर शून्य. दोन दिवसांची खुराकी मालक देत असेल तर चालेल. "बघू" म्हणाला तर दुसरा मालक बघा.

केबिनच्या बाबतीत दिवस थोडे बरे आलेत. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन बंधनकारक आहे. समृद्धीचे 701 किलोमीटर जून 2025 मध्ये पूर्ण खुले झाले, त्यामुळे नागपूरची फेरी पूर्वीसारखी अंग मोडत नाही. मात्र त्या सरळ रस्त्यावर डोळा लागतो, आणि नवख्याला आधी जुनीच गाडी मिळते. झोपेचा विषय मालकाशी तोंडावर बोलून घ्या. रात्री बारा ते चार गाडी बाजूला लावली तर चालेल का, हे विचारायला लाजू नका.

अपघाताचंही बोला. जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनी चाकं थांबवली, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि पंपांवर रांगा लागल्या. ते कलम, भारतीय न्याय संहितेतल्या 106 चं दुसरं पोटकलम, जुलै 2024 मध्ये बाकीचा कायदा लागू होताना बाजूला ठेवलं गेलं. पण केस झाली तर जामीन, वकील, तारखा हे कोण बघणार? चांगला मालक याचं उत्तर लगेच देतो.

आता स्वतःची गाडी. 35 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, पाच वर्षं: महिन्याचा हप्ता सुमारे 74 हजार. वर एक्सप्रेस वेगाने झिजणारे दहा टायर, विमा, दर वर्षी नॅशनल परमिटचे 16,500, पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी फिटनेस, धूर साफ ठेवायला गाडीत भरावा लागणारा युरिया, टोल. भाड्याचा ॲडव्हान्स आधी मिळतो, बाकी पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही केलेली पावती, परत आल्यावर, आणि ती बाकी कधीकधी दोन महिने लटकते. हप्ता मात्र पाच तारखेलाच कापला जातो. इथे उभ्या गाडीचा प्रत्येक दिवस तुमच्याच खिशातून जातो. जाण्याचं भाडं कुणीही मिळवून देतो, नफा रिटर्न भाड्यात असतो. बंगळुरूला माल खाली केल्यावर कुणाला फोन करायचा, हे ज्याला माहीत नाही तो मोकळी गाडी घेऊन परत येतो किंवा दलालाच्या भावाने माल भरतो.

त्यामुळे माझा कौल असा: वर्षभर लोकल, मग महिन्याचा पगार आणि खुराकी देणाऱ्या मालकाकडे लाइन. लेकरं लहान असतील, घरी कुणी आजारी असेल, तर लोकललाच राहा आणि त्यात कमीपणा मानू नका. लाइनवर गेलात, तर दर शहरातल्या दोन-तीन ट्रान्सपोर्टवाल्यांचे नंबर वहीत लिहीत जा, कोण पोच मिळताच बाकी देतो आणि कोण फिरवतो तेही समोर टिपा. चार-पाच वर्षांनी त्या वहीत ठरलेलं रिटर्न भाडं देणारे लोक दिसत असतील, तर बँकेत जा. नसतील, तर घराच्या जमिनीवर कर्ज काढून गाडी घेऊ नका, शोरूमवाला कितीही सोपा हप्ता सांगो.