कॉलेजच्या फीवरचं टॅक्स क्रेडिट: अमेरिकेतल्या मराठी घरानं कोणतं घ्यावं?

अमेरिकेत मूल कॉलेजात गेलं की जानेवारीच्या अखेरीस कॉलेजकडून १०९८-टी हा फीची नोंद असलेला फॉर्म येतो आणि प्रश्न उभा राहतो: करातून थेट वजा होणाऱ्या दोन सवलतींपैकी अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट घ्यायचं की लाइफटाइम लर्निंग क्रेडिट? एकाच विद्यार्थ्यासाठी एका वर्षात दोन्ही मिळत नाहीत. माझं मत आधीच सांगते. मूल पहिल्या चार वर्षांत असेल आणि तुमचं उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर डोळे झाकून पहिलं घ्या. दुसऱ्याचा खरा उपयोग आई-बाबांच्या स्वतःच्या शिक्षणाला होतो.

कारण आकड्यांत आहे. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटीत पहिले २,००० डॉलर खर्च पूर्णच्या पूर्ण मिळतो आणि पुढच्या २,००० चे २५ टक्के. म्हणजे ४,००० खर्चावर २,५०० डॉलर, आणि तेही दर विद्यार्थ्यामागे. लाइफटाइम लर्निंगमध्ये १०,००० पर्यंतच्या खर्चाचे २० टक्के मिळतात, म्हणजे फार तर २,०००, आणि ही कमाल मर्यादा अख्ख्या रिटर्नला मिळून आहे. कम्युनिटी कॉलेजात वर्षाची फी ४,००० असेल तर एकीकडे २,५०० आणि दुसरीकडे फक्त ८००. दोन मुलं एकदम कॉलेजात असली तर एकीकडे ५,००० पर्यंत, दुसरीकडे फार तर २,०००च.

दुसरा मोठा फरक परताव्याचा. तुमचा कर शून्यावर आला तरी अमेरिकन ऑपॉर्च्युनिटीतले ४० टक्के, म्हणजे १,००० डॉलरपर्यंत, रिफंड म्हणून हातात येतात. लाइफटाइम लर्निंगमध्ये कर शून्य झाला की उरलेलं क्रेडिट वाया जातं. ज्या वर्षी घरातली एक नोकरी गेलेली असते, त्या वर्षी हे हजार डॉलर फार मोलाचे असतात.

खर्चाच्या व्याख्येतही पहिलं उदार आहे. कोर्सला लागणारी पुस्तकं आणि साहित्य कुठूनही घेतलं तरी चालतं, फक्त पावत्या जपून ठेवा, कारण १०९८-टीवर त्यांची नोंद नसते. लाइफटाइम लर्निंगमध्ये पुस्तकांचे पैसे प्रवेशाची अट म्हणून कॉलेजलाच भरावे लागले असतील तरच धरता येतात. डॉर्मचं भाडं, मील प्लॅन, आरोग्य विमा आणि घरी यायचं तिकीट दोन्हीकडे बाद.

मग लाइफटाइम लर्निंग कुणासाठी? त्याला वर्षांची मर्यादा नाही, पदवीची अट नाही, निम्म्या वेळेचा तरी अभ्यासक्रम हवा अशीही अट नाही. नोकरीतलं कौशल्य वाढवायला मान्यताप्राप्त कॉलेजात घेतलेला एक कोर्सही चालतो. लग्नानंतर इथे येऊन नव्यानं मास्टर्सला बसणाऱ्या कितीतरी मराठी मुली मला माहीत आहेत. त्यांच्या फीसाठी हेच क्रेडिट आहे. आणि विद्यार्थी वेगळे असतील तर दोन्ही क्रेडिट एकाच रिटर्नमध्ये घेता येतात: मुलाचे २,५०० आणि आईचे २,०००. आईचं शिक्षण ‘हौस’ समजून तिची फी हिशेबात न धरणारी घरं आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाचव्या कॅलेंडर वर्षाकडे मात्र लक्ष द्या. ऑगस्टमध्ये सुरू झालेलं चार वर्षांचं शिक्षण पाच करवर्षांत पसरतं, आणि अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी चारच करवर्षं मिळतं. म्हणून सुरुवातीलाच पाचही वर्षांचा अंदाज मांडा आणि ज्या वर्षी खिशातला खर्च सगळ्यांत कमी, ते वर्ष लाइफटाइम लर्निंगला सोडा. डिसेंबरमध्ये भरलेली जानेवारी-मार्चमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची फी भरलेल्या वर्षातच धरली जाते, त्यामुळे थोडं मागे-पुढे करायला वाव असतो.

आता उत्पन्न, जिथे आपल्यातली बरीच घरं अडतात. जोडप्याच्या एकत्र रिटर्नवर १,६०,००० डॉलरपर्यंत पूर्ण क्रेडिट, तिथून कमी होत १,८०,००० ला शून्य. एकट्या व्यक्तीसाठी हेच आकडे ८०,००० आणि ९०,०००. दोन्ही क्रेडिटना मर्यादा तीच, त्यामुळे एकातून सुटून दुसऱ्यात शिरता येत नाही. नवरा-बायकोनं वेगवेगळं रिटर्न भरलं तर दोन्ही गेली. तुम्ही १,७२,००० वर असाल तर पारंपरिक ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात १२,००० जास्त टाकून १,६०,००० वर येता, आणि एका मुलामागे १,००० ऐवजी पूर्ण २,५०० मिळतात.

उत्पन्न १,८०,००० च्या वर असेल तर तुलनाच बदलते: क्रेडिट तुम्ही घ्यायचं की मुलानं? तुम्ही रिटर्नमध्ये मुलाला डिपेंडंट, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेलं, म्हणून दाखवलं नाही, तर ते स्वतःच्या रिटर्नवर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी मागू शकतं. तुमचं ५०० डॉलरचं डिपेंडंट क्रेडिट जातं, आणि २४ वर्षांखालच्या बहुतेक विद्यार्थ्यांना रिफंडचा भाग मिळत नाही. म्हणून मुलाला स्वतःचा कर असायला हवा. समजा २०२५ मध्ये मुलीनं इंटर्नशिपमधून ३०,००० कमावले. १५,७५० ची स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) वजा जाता तिचा फेडरल कर साधारण १,४७० येतो, तो सगळा पुसला जातो. ५०० गमावून १,४७० वाचले. मुलीची कमाई १५,००० च असती तर यात काही अर्थ नव्हता.

५२९ प्लॅनमध्ये, म्हणजे शिक्षणासाठीच्या करमुक्त बचत खात्यात, पैसे साठवलेल्यांनी एक चूक टाळावी: सगळी फी त्यातूनच भरणं. त्याच डॉलरवर करमुक्त पैसे आणि क्रेडिट, दोन्ही मिळत नाहीत. क्रेडिट मिळणार असेल तर ४,००० फी खिशातून किंवा कर्जातून भरा आणि ५२९ चे पैसे डॉर्म व जेवणाकडे वळवा, तिथे ते चालतात. कर्जानं भरलेली फी त्याच वर्षी धरली जाते, कर्ज फेडता तेव्हा नाही.

पुण्या-मुंबईहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर नुकत्याच आलेल्यांना ही तुलना लागूच नाही. पहिली पाच कॅलेंडर वर्षं ते साधारणपणे करासाठी अनिवासी असतात, त्यांचा रिटर्नचा फॉर्म १०४०-एनआर, आणि अनिवासीला ही क्रेडिट मिळत नाहीत. घरी वापरायचं टॅक्स सॉफ्टवेअर मात्र निमूटपणे निवासींचा फॉर्म १०४० भरून देतं, रिफंड येतो, मित्र ‘मलाही आला’ म्हणतो. हा रिफंड परत करावा लागतो, व्याजासकट. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळते, तिचा हक्क जरूर घ्या.

करवर्ष २०२६ पासून क्रेडिट मागणाऱ्याकडे आणि ज्या मुलाच्या फीवर ते मागायचं त्याच्याकडेही सोशल सिक्युरिटी नंबर लागणार आहे. एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या, फक्त आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना करासाठी मिळणारा क्रमांक) असलेल्या मुलांच्या घरांना हा मोठा फटका आहे. अशा घरांनी २०२५ पर्यंतचं, हक्काचं असलेलं क्रेडिट सुटू देऊ नये. मागच्या रिटर्नमध्ये ही क्रेडिट मागायचा फॉर्म ८८६३ जोडायचा राहून गेला असेल, तर रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स हा दुरुस्ती रिटर्न भरून ते मागता येतं; मात्र अमेरिकन ऑपॉर्च्युनिटीसाठी तो आयटीआयएन त्या वर्षीच्या रिटर्नच्या मुदतीआधी मिळालेला हवा.