जुन्या स्पीकरचे कंडेन्सर: बायपोलर घालावेत की फिल्म?

मामांनी बोटीवरच्या नोकरीत असताना आणलेले स्पीकर आमच्या फोंड्याच्या घरी अजून वाजतात. मध्यंतरी उजवा मंदावला. तबल्याची चाट ऐकू यायची, पण तिची धार गेलेली. गोव्यात असे पेटारे सांभाळणारी घरं बरीच, म्हणून केलेला खटाटोप सांगतो.

पेटी उघडण्याआधी वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या कर्ण्याची, कड बोटाने हलकेच दाबून बघा. ती फोमची असेल तर आपल्या दमट हवेत तिचा भुगा होतो, मग पहिला खर्च तिथेच. रबराची कड सहसा टिकते.

आता क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्विटर या लहान कर्ण्याकडे पाठवणारं सर्किट. जुन्या पेट्यांत त्यात बहुधा बायपोलर, म्हणजे अधिक-उणे बाजू नसलेले, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सापडतात. वर्षानुवर्षं आतला द्रव वाळतो, अंतर्गत रोध वाढतो आणि ट्विटर दबतो.

त्याजागी नवे बायपोलर घातले तर काम स्वस्तात होतं, जागाही तेवढीच लागते. शिवाय आवाज मूळच्या जवळ राहतो, कारण आखणी करणाऱ्याने या जातीचा थोडाफार रोध गृहीतच धरलेला असतो. पण हेही कधीतरी वाळणारच.

पॉलिप्रॉपिलीन फिल्ममध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याच्या कंडेन्सरमध्ये, वाळायला द्रवच नाही. छापल्या मापाच्या ±5 टक्क्यांच्या आतले सहज मिळतात. महाग पडतात, आकारानेही दांडगे. 4 मायक्रोफॅरडचा (हे कंडेन्सरच्या मापाचं एकक) बसतो. 60 चा बसवायला गेलात तर सर्किटच्या पट्टीवर जागा उरत नाही. आणि रोध इतका कमी की ट्विटर एकदम तिखट होऊ शकतो. माझ्याकडे अभिषेकीबुवांच्या तबकडीवर ‘स’ शिट्टी मारू लागला. कंडेन्सरच्या रांगेत (सिरीजमध्ये) अर्ध्या ओहमचा, 5 वॅटचा रेझिस्टर टाकला, तेव्हा बुवा पुन्हा बुवांसारखे वाटले.

त्यामुळे माझं मत सरळ आहे: ट्विटरच्या वाटेवरच्या लहान कंडेन्सरना फिल्म, वूफरला समांतर असलेल्या मोठ्यांना नवे बायपोलर. सगळीकडे फिल्म घालणं म्हणजे हौस. ती करायला माझी हरकत नाही, खिसा तुमचा.

साधा, अधिक-उणे खुणेचा इलेक्ट्रोलिटिक मात्र कुणी देऊ केला तरी नको. आमच्याकडे पूर्वी एका दुरुस्तीवाल्याने तोच लावला होता. स्पीकरमधला प्रवाह सतत दिशा बदलतो, त्यात तो फुगला.

बदलायचं ठरलंच तर दोन्ही पेट्यांत एकदम बदला, नाहीतर डावं-उजवं जुळत नाही. तांब्याच्या कॉइल जिथे आहेत तिथेच राहू द्या. जवळ सरकल्या की एकमेकींत गुंततात.

आणि आवाज अजून चांगला असेल तर? कंडेन्सरचा एक पाय सोडवून त्याचं माप आणि अंतर्गत रोध दाखवणारा मीटर लावा. आकडा छापल्यापेक्षा दहा टक्क्यांपलीकडे गेला नसेल आणि रोधही कमी असेल, तर पाय परत डागा नि झाकण लावून टाका.