टाचेवरून हाडांची तपासणी: आईला नेलं होतं

आईचा मोजा काढला, टाचेला दोन्ही बाजूंनी जेल चोपडलं, पाय खोबणीत ठेवला, झालं! क्ष-किरण नाहीत, दुखणं नाही. टाचेचं हाड आतून जाळीदार, पोकळ्यांत मज्जा. एकीकडून सोडलेला अल्ट्रासाउंड पलीकडे किती वेगाने पोचतो आणि वाटेत किती क्षीण होतो, ते यंत्र मोजतं. जाळी विरळ झाली की दोन्ही आकडे उतरतात. तिथल्या ताईंनी हे आईला चक्क आकृती काढून समजावलं; फार बरं वाटलं. मात्र एवढ्यावर गोळ्या सुरू करू नका. आकडा कमी आला तर कंबर आणि खुब्याचं डेक्सा (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. तिथे टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, धरतात. रिपोर्टवर हे ठळक छापायलाच हवं.