बीएसएनएल ४जी, सात महिने वापरल्यावर: आधी फोनचा बँड बघा

गेल्या गुरुवारी रात्री जांबोटीकडं धो धो पाऊस कोसळत होता आणि आईचा फोन आला तो थेट स्वयंपाकघरातून. "आता बोल की, सगळं ऐकू यायलंय," म्हणाली. बेळगावकडच्या खानापूरच्या पश्चिमेला रानाच्या कडेला ज्यांची घरं आहेत, त्यांना यातला आनंद कळेल. एरवी बोलायचं म्हणजे छत्री घेऊन फणसाच्या पलीकडं जाऊन उभं राहायचं.

जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासूनच मनात होतं. आईला नुसतं बोलायचं असतं. रोजच्या डेटाचे पैसे तिनं का भरावेत? गेल्या मार्गशीर्षात तिचा नंबर बीएसएनएलला पोर्ट केला. घरात फोन लागेना, तसं मी पाचेक महिने चार जणांना सांगत सुटलो की हे सिम घेऊ नका. ते बोलणं मी मागं घेतो.

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. त्याचंही सिम बीएसएनएलचंच, पण त्याच्या फोनला माजघरात चांगली रेंज! सिमं बदलून बघितली. आईचं सिम त्याच्या फोनात झकास चाललं, त्याचं आईच्या फोनात मुकं झालं. म्हणजे दोष फोनमध्ये होता.

बीएसएनएलचं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे बँड २८ आणि बँड १. बँड म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा; फोनमध्ये तो असेल तरच त्यावरची रेंज पकडता येते. ७०० ची लहर लांब जाते, झाडीतून आणि जाड भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते. २१०० ची तेवढी पोचत नाही. आईच्या फोनमध्ये १, ३, ५, ८, ४०, ४१ असे सगळे बँड होते, फक्त २८ नव्हता. सरकारनं केलेल्या २०१६ आणि २०२१ च्या लहरींच्या (स्पेक्ट्रमच्या) लिलावांत ७०० मेगाहर्ट्झला गिऱ्हाईकच मिळालं नव्हतं. ज्या बँडवर इथं कुणाचं ४जी चालत नव्हतं, तो स्वस्त फोनमध्ये कोण कशाला घालेल?

मला याचं फार वाईट वाटतं. तेजस नेटवर्क्सचे रेडिओ, सी-डॉट या सरकारी संस्थेचा कोअर (म्हणजे नेटवर्कचा मेंदू), टीसीएसची जुळणी असं हे देशी ४जी आहे. २७ सप्टेंबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. एवढं उभं केल्यावर सिम देतानाच 'तुमच्या फोनात बँड २८ आहे का' असं विचारायला काय हरकत आहे? एका प्रश्नानं माझ्या आईचं पाच महिने अंगणात उभं राहणं वाचलं असतं.

शेवटी खडेबाजारातून बँड २८ असलेला जुना फोन ३२०० रुपयांना घेतला. घासाघीस केली, पण घेतला. सेटिंगमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, चालू करायला विसरू नका. ते बंद असलं की कॉल टूजीवर पडतो आणि आवाज पुन्हा तुटतो.

सीमाभागातल्यांसाठी आणखी एक. सीमेपलीकडं शिनोळीला गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर धरतो, आलेल्या कॉलचेही पैसे पडतील म्हणून आई अजून तो बंद करून ठेवते. बीएसएनएलनं रोमिंगमधलं इनकमिंग १५ जून २०१५ पासूनच फुकट केलंय. तिला अजून पटत नाही.

कणकुंबीच्या काकूंचीही हीच तक्रार आहे. त्यांच्या फोनचा मॉडेल नंबर लिहून घेतलाय. रविवारी सेटिंग बघायला जातोय.