डॉइचलांडटिकेट, दोन शाळकरी मुलं आणि म्युनिक: दीड वर्षाच्या वापरानंतर

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी घराला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "डॉइचलांडटिकेट काढा, मग काही बघायलाच नको." देशभरच्या शहरी आणि प्रादेशिक गाड्यांच्या या मासिक तिकिटाबद्दल हे अर्धंच खरं आहे. एकट्या नोकरदाराला खरंच काही बघायला नको. घरात सहा वर्षांवरची मुलं असतील, तर मात्र बघावं लागतं. नाहीतर खिशात स्वस्त तिकीट असूनही दर रविवारी पैसे गळत राहतात.

आधी किंमत. 1 मे 2023 ला हे तिकीट 49 युरोंना सुरू झालं, जानेवारी 2025 मध्ये 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. त्यात देशभरातल्या आर-ई आणि आर-बी (प्रादेशिक गाड्या), एस-बान (उपनगरी रेल्वे), ऊ-बान (मेट्रो), ट्राम आणि साध्या बस येतात, तेही दुसऱ्या वर्गात. आय-सी-ई, आय-सी आणि फ्लिक्सट्रेन या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. पर्वतावर जाणाऱ्या खासगी रेल्वे आणि तलावातल्या बोटीही नाहीत. सायकलीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. बाबागाडी मात्र फुकट.

नोकरी असेल तर थेट विकत घेण्याआधी एच-आरला जॉबतिकिटाबद्दल, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या डॉइचलांडटिकिटाबद्दल विचारा. कंपनीने किमान 25 टक्के भरले, तर वर 5 टक्के सवलत मिळते, म्हणजे 63 चं तिकीट जास्तीत जास्त 44.10 ला पडतं. बरेच जण वर्षभर पूर्ण पैसे भरतात, कारण हे कुणी आपणहून सांगत नाही.

तिकीट म्हणजे मासिक वर्गणी आहे, आणि ती बंद करायची तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत. 11 तारखेला आठवलं की पुढचा महिनाही गेला. उन्हाळ्यात पाच-सहा आठवडे भारतात जाणाऱ्यांनी विमानाचं तिकीट काढतानाच मोबाईलवर 8 तारखेचा गजर लावून ठेवावा. परत आल्यावर नवीन घेता येतं, त्याला दंड नाही. जॉबतिकीट असेल तर कंपनीची स्वतःची मुदत यापेक्षा आधीची असू शकते.

नुकतेच आलेल्यांची एक अडचण असते. बँक खात्यातून थेट कपात करायची असेल तर काही विक्रेते आधी तुमची पत तपासतात. जर्मनीत आठवड्यापूर्वी आलेल्या माणसाची इथे पत कुठून असणार? नकार आला तर घाबरायचं कारण नाही. तिकीट देशभर एकच आहे, विकणारे मात्र अनेक आहेत. कार्ड घेणारा विक्रेता शोधायचा, मग तो दुसऱ्या शहराचा असला तरी चालतो.

नाव भरताना पासपोर्ट समोर ठेवा. आपल्याकडच्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बसलेलं असतं. तिकीट तपासणारा ओळखपत्र मागतो आणि दोन्ही नावं ताडून बघतो. स्क्रीनशॉट चालत नाही, आणि फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट ठरता. दंड 60 युरो, पण तिकीट तुमच्या नावाचं होतं हे आठवड्याच्या आत दाखवलं की 7 युरोंवर भागतं. लांबच्या फेरीला पॉवरबँक डब्याच्या पिशवीतच ठेवलेली बरी.

आता मुलं, म्हणजे खरा गुंता. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. त्यावरच्यांसाठी डॉइचलांडटिकिटाला बालदर नाही आणि आईबाबांच्या तिकिटावर मूल फुकट नेता येत नाही. गंमत म्हणजे महागड्या आय-सी-ईमध्ये 6 ते 14 वयाचं मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट जातं, फक्त तिकीट काढताना मुलांची संख्या टाकायची. स्वस्त गाडीत मात्र त्याच मुलाचे पैसे पडतात. म्हणून आमच्यासारख्या घरात तीन वेगवेगळी तिकिटं हाताशी लागतात.

म्युनिक आणि आसपासच्या एम-व्ही-व्ही (तिथली शहरी वाहतूक व्यवस्था) क्षेत्रात सगळ्यात सोपी श्ट्राइफनकार्टे, म्हणजे दहा पट्ट्यांचं तिकीट. मोठ्यांना अंतराप्रमाणे पट्ट्या लागतात, 6 ते 14 च्या मुलाला एका फेरीला एकच, अंतर कितीही असो. हेर्शिंगच्या तलावावर जायलाही एक आणि दोन स्टेशनं पुढे जायलाही एक. आई-बाबा डॉइचलांडटिकिटावर, दोन मुलं पट्ट्यांवर: जाऊन-येऊन चार पट्ट्या. कागदी कार्ड असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये छाप उठवायचा. गाडीत बसल्यावर आठवलं तर ते विनातिकीटच.

त्याहून लांब, म्हणजे फ्युसेन किंवा बेर्शटेसगाडेनला जायचं झालं, की हिशोब बदलतो. मुलाचं तिकीट अर्धं, पण दोन मुलांची जायची-यायची चार अर्धी म्हणजे मोठ्या माणसाची दोन पूर्ण तिकिटं झाली. अशा वेळी एका माणसाचं बायर्न-टिकेट, म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यभर चालणारं दिवसाचं तिकीट बघा. दोघांपैकी एकाने, डॉइचलांडटिकेट असूनही, स्वतःच्या नावावर ते काढायचं. त्यावर आपली पंधरा वर्षांखालची दोन्ही मुलं फुकट बसतात. एकच मूल असेल तर बऱ्याचदा अर्धं तिकीटच परवडतं, दोन्ही किमती शेजारी ठेवून बघा. बायर्न-टिकेट सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतर चालतं, शनिवार-रविवार आणि बायर्नभरच्या सुट्टीला मध्यरात्रीपासून. तिकिटावर नाव लिहावं लागतं, कागदी असेल तर पेन बरोबर ठेवा.

फ्रांकफुर्टसारख्या अंतराला डॉइचलांडटिकेट मुलांसह वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. न्युर्नबर्ग आणि व्युर्त्सबुर्गला गाड्या बदलत दिवसातले सहा तास जातात, आणि मुलांचं तिकीट वरून. त्यापेक्षा आगाऊ घेतलेलं स्वस्त आय-सी-ई तिकीट घ्या, मुलं फुकट, आणि दोन्ही टोकांच्या शहरांतल्या ट्रामसाठी तुमचं डॉइचलांडटिकेट आहेच. फक्त जागा राखून ठेवायची असेल तर जून 2025 पासून कुटुंबासाठीचं एकत्र आरक्षण बंद झालं आहे. प्रत्येक जागेचे 5.50, म्हणजे चौघांचे 22 युरो.

प्रवासाची आखणी जर्मन रेल्वेच्या डी-बी नॅविगेटर अॅपमध्ये करा, पण फक्त प्रादेशिक गाड्या दाखवायचं बटण आधी चालू करा. नाहीतर ते मधेच एक आय-सी-ई घुसवतं आणि ते लक्षात येतं तपासनीस समोर आल्यावर. गाडी बदलायला सात मिनिटं दाखवली तर मुलं आणि बाबागाडी घेऊन ती सात नसतातच. फलाट दुसऱ्या टोकाला असतो, लिफ्ट बंद असते. मी पुढची गाडी धरते. तिकीट कुठल्याच गाडीला बांधलेलं नसल्याने चुकली तरी पैसे जात नाहीत, फक्त तास जातो. भरपाईची फार आशा ठेवू नका: तासभराच्या उशिराला 1.50 युरो, आणि 4 युरोंच्या खालची रक्कम देतच नाहीत. म्हणजे तीन उशीर साठवून अर्ज करायचा.

फुटणाऱ्या गाड्या ही नवख्यांची सगळ्यात मोठी फजिती. म्युनिकहून निघालेली एस-1 नॉयफार्नला दोन भागांत फुटते: मागचा भाग विमानतळावर जातो, पुढचा फ्रायझिंगला. टेगर्नझे, लेंग्रीस आणि बायरिशसेलच्या गाड्याही एकत्र निघून वाटेत वेगळ्या होतात. फलाटावरचा फलक बघून भागत नाही. त्यावर दोन्ही गावांची नावं असतात. डब्याच्या बाहेर दाराशेजारची छोटी पाटी आणि आतला पडदा बघायचा. भारतातून आलेल्या पाहुण्यांना बॅगांसह विमानतळावर सोडायचं असेल तर एस-8 बरी, ती फुटत नाही.

म्युनिकच्या एस-बानमध्ये शौचालय नाही. आर-ईमध्ये असतं, पण बंद असण्याची शक्यता धरूनच निघा. स्टेशनवरच्या शौचालयाला साधारण 1 युरो लागतो, सुटी नाणी मुलांच्या जॅकेटमध्ये ठेवली की धावपळ होत नाही. रविवारी सुपरमार्केट बंद असतात आणि बायर्नमध्ये इतर दिवशीही रात्री 8 ला शटर पडतं. त्यामुळे डबा हाच खरा बजेट प्रवास. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते, ब्रेडचं सँडविच दुपारपर्यंत ओलं होतं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका, प्रत्येकीचे 25 सेंटपर्यंत परत मिळतात.

कुठे जायचं? झाल्त्सबुर्ग ही सगळ्यात फायद्याची सहल. शहर ऑस्ट्रियात असूनही डॉइचलांडटिकेट तिथल्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. पण येताना सीमेवर पोलीस गाडीत चढतात, ही तपासणी 2015 च्या शरदापासून चालू आहे. प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड, मुलांचंही, बरोबर हवं. फोनमधला फोटो पुरत नाही. नॉयश्वानस्टाइन किल्ल्याला जायला फ्युसेनपर्यंत दोन तास, पुढे 73 किंवा 78 नंबरची बस, तीही तिकिटात. किल्ल्याची वेळ मात्र ठरलेली असते आणि गाडी उशिरा आली म्हणून कुणी थांबत नाही. घरून निघाल्यापासून किमान चार तासांनंतरची वेळ घ्या. क्योनिग्सझे तलावाला बेर्शटेसगाडेनहून 841 बस तिकिटात येते, बोट नाही.

शेवटी तीन महिन्यांसाठी येणारे आजी-आजोबा. त्यांच्या नावाने डॉइचलांडटिकेट काढता येतं, पण विमान 18 तारखेला उतरत असेल तर पुढच्या 1 तारखेपासूनचंच घ्या. तोवर शहरात दिवसाचं तिकीट आणि बाहेर बायर्न-टिकेट पुरतं, कारण ते पाच जणांपर्यंत चालतं आणि पहिल्यानंतरच्या प्रत्येक माणसाला थोडेच पैसे वाढतात. शेवटच्या पूर्ण महिन्याच्या 10 तारखेआधी दोघांचीही वर्गणी बंद करा. ती वेगवेगळ्या नावांवर असते, एक बंद केली म्हणून दुसरी आपोआप बंद होत नाही. आणि हो, आजोबांच्या फोनवर ते अॅप आधी घरी उघडून दाखवा, गाडीत तपासनीस समोर उभा असताना चष्मा सापडत नाही.